निनावी वाचकाचे ऋण

चिकोडी, निपाणी, हुक्केरी, रायबाग या पट्ट्यात साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की साखरेबरोबर आणखी एक गोष्ट ढिगाने तयार होऊ लागते, ती म्हणजे राख. उसाचा रस काढून उरलेला बगॅस बॉयलरमध्ये जळतो, त्यावर वाफ होते, वीज होते, आणि खाली उरते काळपट, हलकी, वाऱ्यावर उडणारी राख. ती टाकायची कुठे हा कारखान्यांचा जुनाच प्रश्न आहे. या राखेत सिलिका भरपूर असते. म्हणून काँक्रीटमधले थोडे सिमेंट कमी करून त्याजागी ती घालता येईल का, यावर ऊसपट्ट्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत सतत प्रयोग चालतात. स्थापत्यच्या विद्यार्थ्याला असा विषय शोधायला लांब जावे लागत नाही. कारखान्याच्या गेटवरून पोते भरून आणले की प्रोजेक्ट सुरू.

समजा, चिकोडीतल्या एका प्राध्यापिकेने या राखेवर शोधनिबंध लिहिला. दहा टक्के आणि वीस टक्के सिमेंटऐवजी राख घालून क्यूब केले, 28 दिवस पाण्यात ठेवले, मशिनवर दाबून फोडले. ताकद फारशी कमी झाली नाही, असा निष्कर्ष काढला आणि निबंध एका नियतकालिकाकडे पाठवला. काही महिन्यांनी ईमेल येते, मेजर रिव्हिजन. सोबत दोन रिव्ह्यूअरची, म्हणजे निबंध तपासणाऱ्या समीक्षकांची, टिपणे. पहिल्याचे चार ओळींचे आहे. इंग्रजी सुधारा, अलीकडचे संदर्भ वाढवा, वगैरे. दुसऱ्याचे मात्र भरगच्च दोन पानी.

हा दुसरा रिव्ह्यूअर विचारतो, राख बॉयलरमधून कुठून घेतली, तळातून की धुराच्या वाटेवरून? दोन्हींचे गुण वेगळे असतात. राखेत न जळलेला कार्बन किती उरला होता? तो जास्त असेल तर राख पाणी पिते आणि काँक्रीट घट्ट होऊन बसते. म्हणून पुन्हा जाळून वजनात किती घट येते ते मोजा आणि आकडा द्या. फार जास्त तापमानाला जळालेल्या राखेतली सिलिका स्फटिकरूप होते आणि मग ती सिमेंटशी नीट प्रक्रिया करत नाही; हे तुम्ही तपासले का? प्रत्येक मिश्रणाचे क्यूब किती फोडले? भारतीय मानक आयएस 516 नुसार निदान तीन नमुन्यांची सरासरी लागते, आणि एकेक नमुना सरासरीपासून 15 टक्क्यांहून जास्त ढळता कामा नये. तुमच्या तक्त्यात फक्त सरासरी आहे, सुटे आकडे कुठे आहेत? आणि राखेची प्रक्रिया सावकाश होते, तेव्हा 28 दिवसांवर थांबू नका, 90 दिवसांचेही आकडे द्या.

ती खट्टू होते. साहजिकच आहे, कारण 90 दिवस म्हणजे आणखी एक सत्र गेले. पण ती पुन्हा क्यूब भरते. राख पुन्हा जाळून वजन करते. सुटे आकडे मांडल्यावर दिसते की वीस टक्क्यांच्या मिश्रणातले नमुने एकमेकांपासून फार लांब आहेत. मग ती वीस टक्क्यांबद्दलचा दावा मागे घेते आणि दहा टक्क्यांबद्दलचा दावा भक्कम करते. निबंध छापून येतो. शेवटी ऋणनिर्देश असतो. त्यात संस्थेचे अध्यक्ष, प्राचार्य, विभागप्रमुख, राख देणाऱ्या कारखान्याचे व्यवस्थापन आणि प्रयोगशाळेतला सहायक यांचे आभार असतात. निबंधातला एक दावा रद्द करायला लावणारा आणि दुसरा वाचवणारा माणूस मात्र त्या यादीत नसतो. फार तर 'अनामिक समीक्षकांचे आभार' अशी एक ठरलेली ओळ असते, आणि ती चार ओळींच्या टिपणवाल्यालाही तेवढीच लागू पडते.

या भागातल्या गुऱ्हाळावर गुळव्या काहिलीतला पाक चिमटीत धरून बघतो, आणि त्या क्षणी सगळ्या घाण्याचे भवितव्य ठरते; पण बाजारात ढेपेवर नाव असते ते अडत्याचे. विज्ञानाच्या नियतकालिकांत रिव्ह्यूअरची जागा अशीच आहे. फरक एवढाच की गुळव्याला मजुरी मिळते, रिव्ह्यूअरला सहसा तीही मिळत नाही.

ही पद्धत आली कुठून? लंडनच्या रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांनी 1665 मध्ये 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' सुरू केले तेव्हा काय छापायचे हे बहुतेक तेच ठरवत. 1752 पासून सोसायटीने त्यासाठी समिती नेमली. समितीवरचे लोक मतदान करून निबंध घेत किंवा नाकारत. लेखी अहवाल मागवण्याची कल्पना त्यानंतर बरीच उशिरा आली. 1831 मध्ये केंब्रिजच्या विल्यम व्हेवेल यांनी सुचवले की प्रत्येक निबंधावर दोन जाणकारांनी मिळून अहवाल लिहावा आणि तो सोसायटीच्या पत्रिकेत छापावा. त्यांच्या मनात दोष काढणे नव्हते. चांगल्या संशोधनाकडे लोकांचे लक्ष वेधावे, एवढाच हेतू होता. म्हणजे सुरुवातीच्या कल्पनेत समीक्षकाचे नाव झाकलेले नव्हते. ते छापूनच यायचे होते.

पहिलाच निबंध जॉर्ज एअरी यांचा होता, पृथ्वी आणि शुक्र यांच्या गतीतल्या एका दीर्घकालीन फरकावरचा. समीक्षक होते खुद्द व्हेवेल आणि जॉन ल्युबॉक. दोघांचे तिथेच बिनसले. व्हेवेल यांना निबंधाचे महत्त्व सांगायचे होते. ल्युबॉक यांना गणिताच्या मांडणीत खोट दिसत होती आणि ती दुरुस्त व्हावी असे वाटत होते. एअरी बदल करायला राजी नव्हते. अखेर 1832 मध्ये व्हेवेल यांच्या धाटणीचा अहवाल छापला गेला. लवकरच अहवाल छापण्याची प्रथा मागे पडली आणि ते सोसायटीच्या कपाटात खाजगी कागद म्हणून राहू लागले. समीक्षक अदृश्य झाला तो इथपासून. मला हा सगळा प्रसंग फार बोलका वाटतो. समीक्षकाने कौतुक करायचे की चुका शोधायच्या, आणि ते उघड करायचे की गुपचूप, हे दोन्ही प्रश्न पहिल्याच अहवालात उभे राहिले आणि त्यांचा निकाल अजून लागलेला नाही.

अदृश्य समीक्षकाचे ऋण कसे फिटते, याचे सर्वांत सुंदर उदाहरण अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या नावावर आहे. 1936 मध्ये त्यांनी नेथन रोझेन यांच्यासह अमेरिकेच्या 'फिजिकल रिव्ह्यू'कडे एक निबंध पाठवला. गुरुत्वीय लहरी अस्तित्वात नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. संपादक जॉन टेट यांनी तो एका समीक्षकाकडे दिला. समीक्षकाने दहा पानी टिपण लिहून दाखवले की यात गफलत आहे. आइन्स्टाइन संतापले. आम्ही निबंध छापायला दिला होता, तो आधी कुणा तज्ज्ञाला दाखवायची परवानगी दिली नव्हती, अशा आशयाचे पत्र लिहून त्यांनी निबंध परत घेतला आणि दुसऱ्या नियतकालिकाकडे दिला.

ते टिपण लिहिणारे होते हॉवर्ड पर्सी रॉबर्टसन. आणि ते होते प्रिन्स्टनचेच, आइन्स्टाइन यांच्या गावातले. सुट्टीवरून परतल्यावर त्यांनी आइन्स्टाइन यांचे सहायक लिओपोल्ड इन्फेल्ड यांच्याशी मैत्री केली आणि बोलता बोलता चूक कुठे आहे ते समजावून सांगितले. निबंधात जी अडचण दिसत होती ती निसर्गातली नव्हती, मोजणीसाठी निवडलेल्या निर्देशक-पद्धतीतली होती. आपण आधी समीक्षक होतो याचा त्यांनी उच्चारही केला नाही. आइन्स्टाइन यांनी निबंधाचा निष्कर्ष बदलला. 1937 मध्ये 'जर्नल ऑफ द फ्रँकलिन इन्स्टिट्यूट'मध्ये तो आला तेव्हा अखेरीस त्यांनी मूळ चूक उलगडून दाखवल्याबद्दल आपले सहकारी प्राध्यापक रॉबर्टसन यांचे नाव घेऊन आभार मानले होते. ज्याच्या टिपणावर चिडून निबंध मागे घेतला, त्याच माणसाचे आभार. आणि ते टिपण त्याचेच होते याचा पत्ता आभार मानणाऱ्याला नाही. समीक्षक रॉबर्टसनच होते हे भौतिकशास्त्राचे इतिहासकार डॅनियल केनेफिक यांनी 2005 मध्ये जुन्या नोंदींवरून उजेडात आणले, तोवर दोघेही हयात नव्हते. त्याच गुरुत्वीय लहरी 14 सप्टेंबर 2015 रोजी प्रत्यक्ष नोंदल्या गेल्या. त्या शोधण्यासाठी लागणाऱ्या विश्लेषणाच्या पद्धतींवर पुण्याच्या आयुकात संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक वर्षे काम केले होते, आणि त्या टिपणारी भारतातली वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात होते आहे.

या गोष्टीतला एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. आइन्स्टाइन यांनी नुसते आभार मानले नाहीत; आपल्या पहिल्या मसुद्यात चूक होती आणि ती कुणामुळे कळली, हे छापील निबंधात नोंदवले. ऋणनिर्देश म्हणतात तो असा.

समीक्षण सगळीकडे सक्तीचे झाले ते मात्र फार अलीकडे. 'नेचर'ने 1973 मध्ये बाहेरचे समीक्षण अनिवार्य केले. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा 1953 चा निबंध त्याविनाच छापला गेला होता.

समीक्षक असला आणि नसला तर काय फरक पडतो, हे आपल्याकडच्या एका मोठ्या माणसाच्या दोन निबंधांत दिसते. दामोदर धर्मानंद कोसंबी गोव्यातल्या कोसबेंचे, आयुष्याचा मोठा भाग पुण्यात काढलेले. इतिहासकार म्हणून ते सर्वांना माहीत आहेत. पण मूळचे ते गणितज्ञ. 1944 मध्ये त्यांनी 'ॲनल्स ऑफ युजेनिक्स'मध्ये चार पानांचा निबंध लिहिला. गुणसूत्रावर दोन जनुके एकमेकांपासून किती दूर आहेत हे संकराच्या प्रयोगातल्या आकड्यांवरून कसे काढायचे, याचे सूत्र त्यात होते. त्या नियतकालिकाचे संपादन अनेक वर्षे रोनाल्ड फिशर यांनी केलेले, जगातले त्या विषयातले अव्वल नाव. म्हणजे निबंध पोहोचला तो नेमक्या जाणकारांच्या वर्तुळात. पिकांचे जनुकीय नकाशे तयार करणारे संशोधक आजही 'कोसंबी फंक्शन' वापरतात.

पंधरा वर्षांनी, 1959 मध्ये, कोसंबींनी रीमान यांच्या सुप्रसिद्ध अटकळीच्या सिद्धतेचा दावा असलेला निबंध छापला तो भारतीय कृषिसंख्याशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात. ही संस्था 1947 मध्ये स्थापन झालेली, आणि तिच्या उभारणीत साताऱ्याच्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा मोठा वाटा. पेरणीच्या प्रयोगांची आखणी, पीक-कापणीच्या सर्वेक्षणाचे नमुने हा त्या नियतकालिकाचा प्रांत. अविभाज्य संख्यांच्या वितरणाविषयीचा, शतकभर कुणालाही न सुटलेला प्रश्न तपासेल असा जाणकार तिथे मिळणे अवघडच होते. गणितज्ञांनी तो दावा मान्य केला नाही आणि कोसंबींच्या गणिती लौकिकाला त्याचा जबर फटका बसला. एखादा रॉबर्टसन त्या निबंधाच्या वाटेत उभा राहिला असता तर, असे मनात येतेच. कठोर समीक्षक लेखकाची अब्रू राखतो. हे लक्षात घेतले की त्याचे आभार हा निव्वळ शिष्टाचार उरत नाही.

आता या कामाचा आवाका पाहू. हंगेरीतल्या बलाझ आचेल आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये केलेल्या अंदाजानुसार 2020 या एका वर्षात जगभरच्या समीक्षकांनी दहा कोटींहून अधिक तास या कामाला दिले. यातला बहुतेक वेळ बिनमोबदल्याचा. रात्री जेवणे आटोपल्यावर, परीक्षेचे पेपर बाजूला सारून, सुट्टीत गावी आल्यावर दिलेला.

इतके मोठे काम नाव न घेता चालते, तेव्हा त्या अंधारात भलतेही शिरते. 2014 मध्ये 'जर्नल ऑफ व्हायब्रेशन अँड कंट्रोल' या अभियांत्रिकीच्या नियतकालिकाने 60 निबंध मागे घेतले. खोट्या नावांचे आणि खोट्या ईमेलांचे समीक्षक उभे करून ते मंजूर करवून घेतले होते. 2023 मध्ये हिंदावी या प्रकाशनाचे आठ हजारांहून अधिक निबंध मागे घेतले गेले. आपल्याकडचे चित्रही पाहा. पुण्याचे भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये 'करंट सायन्स'मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीची छाननी प्रसिद्ध केली. विद्यापीठांनी सुचवल्यामुळे यादीत आलेल्या आणि कुठल्याही नामांकित सूचीत नसलेल्या नियतकालिकांपैकी त्यांनी तपासलेली 88 टक्क्यांहून अधिक निकृष्ट ठरली. कुठे पत्ता नव्हता, कुठे संपादकांची नावे नव्हती, कुठे खोटे क्रमांक होते. त्यानंतर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या कक्षाच्या मदतीने आयोगाने 'केअर' यादी आणली. 2025 मध्ये तीही बंद केली. आता नियतकालिक पारखायची जबाबदारी संस्थांवर आणि संशोधकांवर आहे. चिकोडीच्या प्राध्यापिकेला पदोन्नतीसाठी निबंध हवा असेल तर चार दिवसांत 'ॲक्सेप्टेड' म्हणणारे आणि फीचा आकडा कळवणारे ईमेल तिला रोज येतात. त्यांच्यात आणि खऱ्या नियतकालिकात फरक एकच आहे. खऱ्या नियतकालिकात खरोखर कुणीतरी निबंध वाचलेला असतो.

म्हणूनच समीक्षकांची नोंद ठेवणे, त्यांचे नाव घेणे हा प्रामाणिकपणाचा पुरावाही आहे. अनेक नियतकालिके वर्षअखेरीस त्या वर्षातल्या सगळ्या समीक्षकांची यादी छापतात. कुणी कुठला निबंध तपासला ते सांगत नाहीत, फक्त नावे. काही ठिकाणी अशा याद्या पानेच्या पाने भरतात, आणि वाचक त्या ओलांडून पुढे जातो. पण ज्याचे नाव त्यात असते त्याला ते पान कुठे आहे ते पाठ असते. अमेरिकन फिजिकल सोसायटी 2008 पासून उत्कृष्ट समीक्षकांचा गौरव करते, अलीकडे दरवर्षी सुमारे दीडशे जणांचा. 2012 मध्ये न्यूझीलंडमध्ये सुरू झालेल्या 'पब्लॉन्स'ने समीक्षकाच्या खात्यावर त्याने तपासलेल्या निबंधांची संख्या जमा करायला सुरुवात केली. पुढे ते क्लॅरिव्हेट कंपनीने घेतले. संशोधकाला सोळा अंकी ओळख देणाऱ्या 'ऑर्किड'वरही अशी नोंद होऊ शकते. काही प्रकाशक पुढच्या निबंधाच्या फीमध्ये सवलत देतात. ही शेवटची पद्धत मला पटत नाही. सवलतीसाठी झटपट टिपणे पाडली जातात, आणि ज्या कामाची किंमत त्यातल्या विचारामुळे आहे त्याची मोजणी नगांवर येते.

दुसरी वाट आहे अहवालच उघड करण्याची. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने 1999 पासून समीक्षकाचे नाव लेखकाला कळवायला सुरुवात केली. 'नेचर'ने जून 2025 पासून नव्याने येणाऱ्या शोधनिबंधांसोबत समीक्षकांचे अहवाल आणि लेखकांची उत्तरे छापण्याचे ठरवले. नाव सांगायचे की नाही ते समीक्षकाने ठरवायचे. व्हेवेल यांची कल्पना जवळजवळ दोनशे वर्षांनी परत आली म्हणायची.

मग सरसकट नावेच का देऊ नयेत? याचे उत्तर निपाणीत मिळते. धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाचे विडी तंबाखूवर काम करणारे केंद्र निपाणीला आहे. या पिकावर काम करणारी मंडळी देशात मोजकी. गुजरातेत आणंद, आंध्रात राजमहेंद्रवरम, अशी ठिकाणे बोटांवर मोजण्यासारखी. अशा विषयात निपाणीच्या निबंधाचा समीक्षक कोण असेल हे ओळखायला फार डोके लागत नाही, आणि उलटही. आज ज्याचा निबंध नाकारला तो उद्या नोकरीच्या मुलाखतीत समोर बसलेला असू शकतो. साखर तंत्रज्ञानाचेही तेच आहे. पुण्याजवळ मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, बेळगावची निजलिंगप्पा साखर संस्था, कोईमतूर, लखनौ, या वर्तुळात सगळे सगळ्यांना ओळखतात. तिथे तरुण अधिव्याख्यात्याला ज्येष्ठाच्या निबंधावर खरे लिहायचे असेल तर नावावरचा पडदा हवाच. तो काढून घेतला तर टिपणे गोड होतील आणि निबंध कच्चे राहतील. माझे मत असे की अहवाल उघड व्हावेत, वर्षअखेरीची नावांची यादी छापावी, पण कुठला अहवाल कुणाचा हे समीक्षकाच्या इच्छेवर सोडावे.

मराठीत मात्र नाव उघडपणे देण्याचे एक ठळक उदाहरण आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. वाईच्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड 1976 मध्ये आला. लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक. छापील खंडांत नोंदीखाली लेखकाचे नाव असे. नंतर विषयवार ज्ञानमंडळांतर्फे नव्या नोंदी संकेतस्थळावर येऊ लागल्या, त्यांच्याखाली आणखी एक ओळ आली: 'समीक्षक', आणि पुढे नाव. अभियांत्रिकी असो, भूविज्ञान असो की रसायनशास्त्र, नोंद कुणी लिहिली आणि कुणी तपासली, दोन्ही वाचकाला समोर दिसते. वाईच्या घाटावरून निघालेली कृष्णा खाली चिकोडी तालुक्यातून वाहते. तिच्या काठच्या गावात घरी मराठी बोलणारा, शाळेत कन्नड शिकलेला आणि बेळगावच्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचा (व्हीटीयू) अभ्यासक्रम इंग्रजीतून वाचणारा विद्यार्थी मोबाइलवर ती नोंद उघडतो, तेव्हा त्याला कळते की माहिती दोन माणसांच्या हाताखालून गेली आहे. विश्वकोशाची नोंद आणि नवे संशोधन यांत फरक आहे हे खरे. नोंदीत कुणाला नाकारायचे नसते, त्यामुळे नाव देण्यात धोका कमी. तरीही ज्ञानाच्या कामात तपासणाऱ्याला लेखकाच्या बरोबरीने ओळ देण्याची ही रीत आपल्याच भाषेत रुजली आहे, याचा मला अभिमान वाटतो.

नाव माहीत नसतानाही नेमके आभार मानता येतात, हा मुद्दा लेखकांच्या लक्षात यायला हवा. राखेवरच्या त्या निबंधाचा ऋणनिर्देश असा लिहिता आला असता: 'राखेतील कार्बनचे मोजमाप आणि 90 दिवसांच्या चाचण्या एका अनामिक समीक्षकाच्या सूचनेवरून केल्या. सुट्या नमुन्यांचे आकडे तपासण्याच्या त्यांच्या आग्रहामुळे वीस टक्के मिश्रणाविषयीचा आधीचा निष्कर्ष आम्ही मागे घेतला.' दोनच वाक्ये. ती समीक्षकाला पोहोचतात, कारण आपण तपासलेला निबंध छापून आला की समीक्षक तो उघडून बघतोच. ती पुढच्या संशोधकालाही उपयोगी पडतात. वीस टक्क्यांच्या वाटेने जाऊ पाहणाऱ्याला कळते की तिथे खाचखळगे आहेत. आणि ज्या समीक्षकाने फक्त 'इंग्रजी सुधारा' म्हटले त्याचा आणि याचा हिशेब वेगळा राहतो.

महाविद्यालयांना करण्यासारखेही पुष्कळ आहे. या भागात दरवर्षी परिषदा भरतात, त्यांचे निबंधसंग्रह निघतात. पहिल्या पानावर उद्घाटकांचे फोटो असतात. निबंध ज्यांनी तपासले त्यांची यादी शेवटच्या पानावर घालायला अर्धे पान पुरते, आणि त्या यादीमुळे निबंध खरोखर कुणी तपासले की नाही हेही आपोआप उघड होते. अध्यापकाच्या वार्षिक मूल्यमापनात छापलेल्या निबंधांचा रकाना असतो, तसा तपासलेल्या निबंधांचाही असावा. संपादकाचे पत्र किंवा ऑर्किडवरची नोंद पुरावा म्हणून जोडता येते. संगणकाचा किंवा यंत्र अभियांत्रिकीचा अध्यापक वर्षाला चार-पाच निबंध नीट तपासत असेल तर तो स्वतःच्या विषयात ताजा राहतो, आणि त्याचा फायदा थेट वर्गातल्या मुलांना मिळतो.

आणि सवय लावायची तर शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्ट रिपोर्टपासून. त्यातला ऋणनिर्देश आज वर्षानुवर्षे एकाच नमुन्यावरून उतरवला जातो. फक्त नावे बदलतात. मार्गदर्शकाने मुलांना सांगावे की तुमच्या रिपोर्टमधले कुठले गणित कुणी तपासले, कुणाच्या शंकेमुळे कुठला आलेख पुन्हा काढावा लागला, ते त्या माणसाचे नाव घेऊन लिहा. तो शेजारच्या बेंचवरचा मित्र असेल, प्रयोगशाळेतला सहायक असेल, कारखान्याच्या बॉयलरवरचा फोरमन असेल. राख तळातली की धुराच्या वाटेवरची, हे त्या फोरमनला पहिल्या दिवसापासून माहीत असते. त्याला कुणी विचारलेले नसते, एवढेच.